सिनेमातला खुनी आणि माझी शेजारीण

मंडळी, आज दुपारी आत्याला सिनेमाला नेलं. आत्या सांगलीची, चार दिवसांपूर्वी माझ्याकडे गुरुग्रामला आलीय. सिनेमा इथलाच. काचेचे टॉवर, काळ्या गाड्या आणि भर मे महिन्यात लेदरचं जॅकेट घालून फिरणारा खुनी.

परत येताना कॅबमध्ये मी वैतागून म्हणाले, "नुसती स्टाइल! हा माणूस कोण, कुठला, घरी कोण आहे, काही कळतच नाही यार."

आत्याने शांतपणे विचारलं, "तुझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं गं?"

"असेल कुणीतरी आयटीतली. लिफ्टमध्ये भेटते."

"मेघना नाव तिचं. नागपूरची आहे. काल फोनवर आईशी मराठीत भांडत होती, म्हणून मी थांबून विचारलं."

दोन वर्षं आम्ही दोघी लिफ्टमध्ये हिंदीत बोलतोय! "आज गर्मी बहुत है." "हां, बिल्कुल." बास.

वर पोचल्यावर आत्याने मला घरात जाऊच दिलं नाही, सरळ शेजारची बेल वाजवली. मी मराठीत बोलायला लागले तशी मेघना बघतच राहिली. "अगं, मला तू इथलीच वाटायचीस!"

आत्ता ती माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरतेय आणि आत्या तिला "अजून बारीक" म्हणून सांगतेय.

आत्या परवा परत जाणार, म्हणून सकाळपासून मला रडू येत होतं. आता येत नाहीये.

तुमच्या शेजारी कोण राहतं हो?