अर्ध्या साडीचा धोटा

मंडळी, कुंभकोणमहून लिहितेय. दुपारपासून कशात मन लागत नाहीये.

इथून जवळच तिरुभुवनमला माझ्या दादाचे रेशमी साड्यांचे माग आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला कामावर घेतलं, तर मालकाला सरकारी मदत मिळते. त्याची माहिती द्यायला आज एक साहेब आले होते. योजना चांगली आहे. मीच दादाच्या मागे लागले होते.

आमच्याकडची वेगळ्या रंगाच्या काठाची साडी एकट्याने विणता येत नाही. नवरा मधला भाग विणतो, बायको कडेला बसून काठाच्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे टाकते. विणकर म्हणून नाव मात्र नवऱ्याचंच लागतं.

दादाला युक्ती सुचली. वर्षानुवर्षं नवऱ्यासोबत मागावर बसणाऱ्या सेल्वीअक्कांना म्हणाला, "तुमचं नाव नवीन म्हणून घालतो. साहेबांनी विचारलं तर आजवर कधी काम केलं नाही म्हणा."

अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून तुटलेला धागा जोडत राहिला.

"बरं," अक्का म्हणाल्या. साहेबांना त्यांनी अगदी तसंच सांगितलं.

मग उठल्या, आपला धोटा पदरात गुंडाळला आणि घरी गेल्या. साडी अर्धी असताना धोटा मागावरून कोणी उचलत नाही. त्यांच्यामागून बाकीच्या बायकाही धोटे घेऊन उठल्या.

आता एकही माग वाजत नाहीये. दादा म्हणतो, उद्या येतील. पण जिच्याकडून 'काम केलंच नाही' असं वदवून घेतलं, तिला कामावर बोलवायचं कोणत्या तोंडाने?