चौथ्या शीलाचा खोकला

खोलीचं दार उघडं राहिलं ते प्रफुल्लमुळेच. फोनवर बोलत दुधाची पिशवी आत घेतली, टाचेनं दार लोटलं आणि लागलं असं समजून आत गेला. मांजरीचं पिल्लू जे निसटलं, ते लोअर परळच्या कुठल्या टॉवरखाली गेलं कोण जाणे.

सहा वर्षांच्या लेकीनं, मनूनं, उठल्या उठल्या विचारलं, "पप्पा, चिंगी कुठंय?"

प्रफुल्ल लिफ्ट दुरुस्त करणारा. आत अडकलेल्या साहेबांना 'दोन मिनिटांत सुरू होतेय' असं अर्धा तास सांगायची सवय. बोलून गेला, "तिला नोकरी लागली. वरळी कोळीवाड्यात. सुक्या मासळीची राखण."

"मांजर? आणि मासळीची राखण?" ओट्याजवळून बायको, प्रिती, म्हणाली.

"ट्रेनिंग देतात गं."

मनूला पटलं, तीच पंचाईत झाली. चिंगीला डबा कोण देतं? तिचा साहेब माणूस आहे की बोका? प्रफुल्ल उत्तरं देत गेला. शुक्रवारपर्यंत चिंगी सुपरवायझर झाली होती.

रविवारी विहारात वंदना. प्रफुल्लचा आवाज खणखणीत, म्हणून पंचशील तोच पुढे म्हणतो, बाकीचे मागून. तीन शीलं नीट झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. 'मुसावादा' म्हणताच असा खोकला लागला, की पुढचं मागच्या रांगेतल्या मीराबाईंनी पुरं केलं. पाचव्याला आवाज पुन्हा ठणठणीत.

जिन्यात मनूनं शर्ट ओढला. "पप्पा, चौथ्यालाच का खोकलास?"

"उदबत्तीचा धूर गं."

"धूर तर पाचव्यालाही होता."

प्रफुल्ल पायरीवर टेकला. दुसरी थाप तयार होती, तिनं मानलीही असती. पण उद्या आपलं खरंसुद्धा ही असंच हुंगून बघेल, याची त्याला धास्ती वाटली.

"चिंगी नोकरीला नाही गेली. दार मी उघडं टाकलं. खूप शोधली. नाही सापडली."

मनू रड रड रडली. मग नाक पुसत म्हणाली, "सुपरवायझर पण नाही?"

"नाही."

"मग आता एक खरं दे. मला माहीत नसलेलं."

त्यानं बराच विचार केला. "मला मांजरांची भीती वाटते."

"ते माहितीये. मम्मीला पण माहितीये. दुसरं दे."

आठ दिवस झाले, प्रफुल्ल ते एक खरं शोधतोय. सुचतं ते तिला ठाऊक निघतं, नाहीतर सहा वर्षांच्या पोरीला सांगण्याजोगं नसतं. जेवताना मनू नुसत्या भुवया उडवते.

"उद्या," तो म्हणतो.