बंद कोल्ड रूम आणि मिसरीचा वास

इथे लोक लिहितात ते अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि खरं सांगते, बऱ्याचदा हसते. भुतंखेतं, दृष्टांत, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही मी छातीठोकपणे ‘आहे’ म्हणणार नाही. पण हे माझ्या नाकासमोर घडलंय... नाकासमोर कसलं, नाकातच! म्हणून लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसा.

गेल्या वर्षीची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर मोठा गाळा रिकामा पडून होता. आधी तिथे फर्निचरचं शोरूम होतं, ते बंद पडलं. आमचं छोटं किराणा दुकान होतं आणि माझ्या नवऱ्याच्या, विलासच्या, डोक्यात कधीपासून सुपरमार्केटचं खूळ. गाळा घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, “ती जागा कुणाला लाभत नाही.” मी म्हटलं, पार्किंग नसेल तर कुणाला लाभणार? आम्ही आधी मागच्या बाजूला पार्किंग करून घेतलं आणि कामाला लागलो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. कोरोनात माझा वास गेला, तो परत आलाच नाही. दूध करपलं तरी मला पत्ता नसतो. हिंग काय आणि फिनेल काय, मला सगळं सारखंच. विलास चिडवायचा, “तुला मासळी बाजाराच्या वर फ्लॅट घेऊन देतो, स्वस्तात पडेल.”

तर त्या दुपारी गाळ्यात नुसता धुमाकूळ चालला होता. टाइल कटर, ड्रिल, पीओपीची धूळ... शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मागच्या बाजूला भाजी आणि दुधासाठी कोल्ड रूम बसवली होती, माणूस आत जाईल एवढी, जाडजूड दाराची. ट्रायलसाठी ती सकाळपासून चालू होती. आतून दार उघडायचं हँडल मात्र अजून बसवायचं होतं. विलास मला म्हणाला, “फ्लेक्सवाल्याकडे जाऊन येतो गं.” गेला असेल असं मी धरून चालले आणि काउंटरपाशी फरशीवाल्याशी हुज्जत घालत बसले.

आणि अचानक मला ठसका लागला. मिसरी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात आणि बायका ती दातांना लावतात. भाजतानाचा धूर असा की अख्खी गल्ली खोकत सुटते. माझ्या सासूबाई कळवणजवळच्या खेड्यात राहतात. मी नवी नवरी असताना त्यांच्या मिसरीने नाकाला पदर लावून अंगणात पळाले होते. तो वास मी या जन्मात विसरणार नाही.

आधी तर आनंदाने रडूच आलं, अगं बाई, मला वास येतोय! मग डोकं सणकलं. इथे थिनरचे डबे पडलेत आणि कोणी तंबाखू जाळतंय?

“कौन तंबाखू जला रहा है?” मी ओरडले. सुतारमिस्त्रीने ड्रिल थांबवलं, हवा हुंगली. “भाभी, यहाँ तो कुछ नहीं जल रहा.”

मी नाकामागे चालत सुटले, मिस्त्री माझ्या मागे. जसजशी मागे गेले तसतसा वास वाढला. कोल्ड रूमच्या दारापाशी तर मला उभं राहवेना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. दाराला लोखंडी रॅक टेकवून ठेवले होते.

“हे हटवा.”

“भाभी, अभी तो रखे हैं...”

“हटवा म्हणते ना!”

त्याने कपाळाला हात लावला, पण हटवले. दार उघडलं... आणि आत विलास भिंतीला टेकून खाली बसलेला. ओठ निळे, छाती भात्यासारखी वरखाली, तोंडातून शब्द फुटेना.

त्याला लहानपणापासून दमा आहे. थंडी अजिबात सोसत नाही. निघता निघता क्रेटचं माप घ्यायला म्हणून आत शिरला होता. आत कोणी नाही असं समजून कामगारांनी दार लोटलं आणि वर रॅक टेकवले. त्याने दार बडव बडव बडवलं, पण त्या कटरच्या आवाजात कोण ऐकतंय? त्याचा दम्याचा पंप काउंटरवरच्या बॅगेत होता. मी कशी धावले, तो कसा लावला, रिक्षा कोणी थांबवली, मला नीट आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत.” तो वास? तो दार उघडताक्षणी गेला होता. तेव्हा गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एसटीने आल्या. विलास घरी पेज पीत बसला होता. मी सहज म्हटलं, “आई, काल मला तुमच्या मिसरीचा वास आला बघा.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “तुला कोनी सांगितलं? शेवंतानं का?” शेवंता म्हणजे त्यांची शेजारीण.

“काय सांगितलं?”

मग त्या खालीच बसल्या. वर्षभरापूर्वी त्यांच्या तोंडात जखम झाली, डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितलं. त्या ऐकेनात, तेव्हा विलासने त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. “काल दुपारी घरात कोनी नव्हतं. लय तलफ आली. म्हटलं येकडाव, कोन बघतं... तवा ठिवला.” आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. “पोराची शपथ मोडली मी. म्हनून त्याच्यावर बेतलं. मीच केलं हे!”

“अहो आई, उलट आहे सगळं! त्या वासानंच तर वाचला तो!” मी शंभर वेळा सांगितलं. त्यांना पटेना. धड जेवेनात. उद्घाटनाला यायलाही नाही म्हणाल्या, “माझा पाय नको त्या दुकानात.” मला फार वाईट वाटलं. ज्या बाईचे पाय धरायचे, तीच स्वतःला अपराधी समजत होती.

नंतर मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास गेलेल्यांना कधी कधी नसलेले वास येतात. येत असतील. पण मग तोच वास का? त्याच दुपारी का? आणि त्या दाराशीच का वाढत गेला? त्यावर ते हसले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. त्या दुपारी माझं मेलेलं नाक ज्याने कोणी जागं केलं, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

उद्घाटनाच्या दिवशी विलास पहाटेच कळवणला गेला आणि आईला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. त्या दारातच अडल्या, उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात. गुरुजी थांबले, पाहुणे बघायला लागले. विलासने त्यांचा हात धरला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, शपथ मी घातली होती. मीच सोडवतो. सुटली!”

डोळे पुसत त्या हळूच म्हणाल्या, “मंग आता भाजू का रं?”

“अजिबात नाही!” आम्ही दोघं एकदमच ओरडलो आणि त्या हसत हसत आत आल्या.