भागूबाईचा रुमाल

घडीमावशी,

मी, तुमची शेजारीण, तुमच्यावर लिहायला बसले आहे. तुम्ही म्हणाल, "दुसरे उद्योग नाहीत का?" नाहीत. तुम्ही मधेच अडवू नये, म्हणून ही हकीकत दुसऱ्याच कुणा बाईची असल्यासारखी सांगते.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं काढलेली ही बाई. चादरीच्या घडीत सूतभर फरक पडायचा नाही, म्हणून नाव घडीमावशी. संध्याकाळी घरी आल्या की चप्पल काढतानाही मावशी भिंतीला टेकायच्या. घरात बोलायला कुणी नाही. मुलगा-सून दोन गल्ल्या पलीकडे. नात महिन्यातून एकदा तोंड दाखवायची.

मग मावशींनी नातीसाठी हॅमस्टर आणला. सुनेनं पिंजरा घरात घ्यायला साफ नकार दिला आणि मावशींचं फावलं. पिंजरा त्यांच्या खोलीत, नात रोज शाळा सुटली की हजर! पण जनावर महाभेदरट. हात दिसला की भुशात बुडी, नाहीतर चावा. नातीनं नाव ठेवलं भागूबाई. एकदा नातीच्याच बोटातून रक्त आलं.

सून म्हणाली, "दुकानदार महिनाभर परत घेतो. तोवर हातावर बसली तर ठीक, नाहीतर रवानगी."

म्हणजे नातीचं येणंही बंद. हे मावशींना कुणी सांगावं लागलं नाही.

दुकानदारानं उपाय सांगितला होता: अंगावरचं कापड पिंजऱ्यात ठेवा, वासानं ओळख होते. मावशी कामावर मानेला गुंडाळायचा रुमाल ठेवू लागल्या. वीस दिवस झाले, भागूबाई काही बधेना. शेवटी नातीनं रुमाल नाकाला लावला.

"आजी, याला तर साबणाचा वास येतोय!"

"मग? रोज धुऊन, इस्त्री करून ठेवते."

"अगं आजी, म्हणजे तिला रोज नवीनच बाई भेटते!"

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून घामट रुमाल तसाच पिंजऱ्यात राहिला. घरात मळकं कापड, तेही दहा दिवस! बाईला जेवण गोड लागेना.

शेवटच्या रविवारी सून खोकं घेऊनच आली. मावशींनी आठवडाभर डबल ड्यूटी ओढली होती. त्यांनी तळव्यावर सूर्यफुलाचं बी घेऊन हात पिंजऱ्यात ठेवला. भागूबाई आली, हुंगलं, वर चढली, बी गालात कोंबलं आणि तिथंच बसली. हात जराही हलला नाही. धीर कसला? उचलायचं त्राणच नव्हतं.

सून बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. पण आई, तो रुमाल आता तरी धुवा!"

"खबरदार!" नात ओरडली.

मावशी, त्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "दुकान तुमच्या वाटेवर आहे. भागूबाईला पळायला एक चाक आणाल?" आणते म्हटलं मी. वाट तीच आहे, दुकानही उघडं असतं. चाक काही मी अजून आणलेलं नाही, म्हणून आधी हे पत्र.