डाव्या हाताच्या बटना

भूतबित मी कधी मानलं नाई. वाडीच्या गोदामात पोते शिवण्यात जनम गेला, एकटीनं पोरगं वाढवलं, ते गेलं तेही पाह्यलं... आता कायले भ्याचं? पण हे जे झालं ते अजून समजून नाई राह्यलं. मी बोलून राहिली, मोबाईल लिहून राहिला. चुकलं त समजून घ्या.

माह्या विलासचा उजवा हात लहानपणीच ट्रकच्या फाळक्यात चेंदला. बोटं होते, पण वळत नव्हते. तरी कंप्युटर शिकला, घरूनच कंपनीचं काम करे. काळा पडदा, त्याच्यावर पांढरे अक्षरं. एक बटन दाबली का पडद्याचे दोन भाग, अजून दाबली का चार. त्या साऱ्या बटना त्यानं बदलवून डाव्या हाताखाली आणल्या होत्या. मी जेवाले आवाज दिला का वरच्या लायनीतली पहिली बटन दाबे — पडदा साफ.

"अरे, काम गेलं ना तुहं."

"नाई वं माय. पडदा गेला. काम मांगं चालूच राह्यते."

तो गेला त्याले दोन वर्षं झाले. लॅपटॉप कंपनीनं वापस नेला. मंग माही सून ज्योती तेच काम शिकली, दुसऱ्या कंपनीत लागली. दोघींचं पोट त्याच्यावरच. लॅपटॉप नवा, बटना तिच्या सोयीच्या — उजव्या हाताच्या.

या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी ती बर्डीच्या बाजारात गेली. वापस येऊन बसली, त बटन दाबून पडद्याचे भागच होईना. कोणत्या बटनेनं काय होते ते लिहलेली फाईल तिनं उघडली.

"आई, लॅपटॉपले हात लावला काय?"

"मले सही सोडून काई लिहता येत नाई वं. काहून?"

"साऱ्या बटना डावीकडं गेल्या. बारा चाळीसले. तेव्हा घरी तुमीच होत्या."

माह्या मनात आलं — विलासची बटनांची फाईल इच्याजवळच त नसन? मले भरमिष्ट ठरवून म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकाचा इचार त नाई?

तिनं बटना जुन्यासारख्या केल्या, पासवर्ड बदलवला. दुसऱ्या दिवशी घराले कुलूप लावून मले संग घेऊन बाजारात गेली. पहारा होता माह्यावर, समजे मले. घरी आलो, त बटना पुन्हा डावीकडं. दोघी एकमेकीच्या तोंडाकडं पाहत राह्यलो.

"राहू द्या," म्हणे, "सोमवारी कंपनीत विचारते."

रविवारी मोरीत तिचा पाय घसरला. उजवा हात मोडला, महिनाभराचं प्लास्टर. सोमवारी डाव्या हातानं कामाले बसली. एक दिवस खाडा नाई. नोकरी राह्यली.

कंपनीच्या इंजिनियरनं सारं तपासलं. म्हणे, बाहेरून कोणी शिरलं नाई, घरातूनच झालं. दुसऱ्या खेपेले दोघीही बाहेर होतो, तरी मले ज्योतीवर शक आहे, तिले माह्यावर असन. पण सोतःचा हात कोणी मुद्दाम मोडून घेते काय?

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी जेवाले आवाज दिला. तिनं वरच्या लायनीतली पहिली बटन दाबली. पडदा साफ.

मी म्हटलं, "हे तुले कोणं सांगितलं?"

"त्या फाईलीतच होतं. काम नाई जात आई, मांगं चालूच राह्यते."

ही गोष्ट विलासनं मले सांगितली होती. मी कोणाले सांगितली नव्हती.

हात बरा झाला, बटना अजून डावीकडंच आहे. ती बदलवत नाई. आश्रमाचं मी विचारत नाई.