शेठची साडी गडावर

सुरतेत पावसाळ्यात काही म्हणजे काही वाळत नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, फ्रिजमागे टांगलेले मोजे दुसऱ्या दिवशीही ओलेच लागतात, आणि पावसात डोंगर चढायची हौस असलेल्या माणसाला घरचे वेड्यात काढतात. मला तर कधीच काढलंय. मी इच्छापोरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, त्यामुळे माल कोरडा ठेवणं माझ्या हाडात भिनलंय. बुटांत गुजराती पेपरचे बोळे, बॅगेत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मशीनच्या खोक्यांतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या, आणि वरून रेनकव्हर. माझी बॅग तापीत पडली तरी आतला टॉवेल कोरडा निघेल, असं मी छाती ठोकून सांगते.

त्या वर्षी माझ्याबरोबर यायचं आईनं ठरवलं. सटाण्याकडच्या आमच्या गावाला जाताना सापुताऱ्याच्या पुढे बसच्या खिडकीतून एक गड दिसतो. लग्न होऊन सुरतेला आल्यापासून ती तो खालूनच बघत आली होती. ‘एकदाव वर जाई येवानं शे,’ गावच्या बोलीत म्हणाली. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आदल्या पावसाळ्यात भिजल्याचं निमित्त होऊन तिचा खोकला छातीत उतरला होता. ओल्या कपड्यात राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईसाहेबांना मात्र रेनकोटचं वावडं. घातला की कोंडल्यासारखं होतं म्हणे. महिनाभर आमची त्यावरून जुंपली.

आई घरी एका साडीवाल्या शेठचं काम करते. साड्यांना लेस लावायची, धागे कापायचे, घडी घालून पारदर्शक पाकिटात भरायचं. भेस्तानच्या आमच्या खोलीत पलंगावर कायम त्या पाकिटांची थप्पी असते. तसल्या पाकिटाइतकं पावसाला दाद न देणारं दुसरं काही नाही, म्हणून तिचे जादा कपडेही मी त्यातच भरले. एकात परकर-पोलकं, एकात साडी.

सापुताऱ्याहून जीपनं आम्ही गडाच्या पायथ्याशी उतरलो. अर्ध्या वाटेवर मी मागे वळून बघते तर हिनं रेनकोट काढून हातावर टाकलेला, आणि पाऊस मजेत अंगावर घेत चाललेली. मी ओरडले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वरच्या दरवाजाशी पोचेपर्यंत ती चिंब झाली. तिचे दात वाजायला लागले. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठी कोरलेली देवडी होती. तिथे तिला बसवून मी बॅग उघडली. सगळं खडखडीत कोरडं. मोठ्या तोऱ्यात साडीचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

ती पाकिटाकडे बघतच राहिली. ‘हाई ते शेठनी शे!’

तिची जुनी साडी हिरवी, शेठचा लॉटही हिरवाच. पहाटेच्या घाईत मी थप्पीतलंच पाकीट उचललं होतं. तिची साडी घरी पलंगावर आरामात पडलेली.

‘नेस ती,’ मी म्हटलं.

‘लोकेसना माल शे. डाग पडना ते?’

‘आणि तुझ्या छातीचं काय?’ मी रागावले की शाळेतलं मराठी बोलते. शेवटी थंडीनंच तिचं तोंड बंद केलं. मी आडोशाला टॉवेल धरला आणि ती नेसली. आयुष्यभर अशा साड्यांच्या घड्या घालणाऱ्या माझ्या आईच्या अंगावर मी पहिल्यांदाच तशी साडी बघत होते. काय सुंदर दिसत होती! मी तसं म्हटलंही. तिनं ऐकलं नाही. तिचं लक्ष काठाकडे होतं.

तिचा रेनकोट हातात घेऊन मी आता खाली उतरायच्या बेतात होते. तर तिनं हात पुढे केला. ‘रेनकोट दे.’

तिनं गळ्यापर्यंत बटणं लावली, टोपी ओढली, निऱ्या वर खोचल्या. एवढ्यानं भागेना म्हणून माझ्या बॅगेचं रेनकव्हर मागून घेऊन कमरेला बांधलं. मग अशी काही जपून पावलं टाकत चढली की मीच मागे पडले. माथ्यावर ढग जरा बाजूला झाले आणि खालचा रस्ता दिसला. त्यावरून एक बस चालली होती. ‘हाऊच तो रस्ता,’ ती म्हणाली आणि बस वळणाआड जाईपर्यंत हसत उभी राहिली. मी नखशिखांत भिजले होते, बॅगेतही पाणी शिरलं होतं, पण इतक्या सुखात मी क्वचितच असते.

घरी येऊन तिनं दिव्याखाली साडीचा काठ इंचाइंचानं तपासला. एक थेंब नव्हता. खोकलाही नव्हता. जे मला महिनाभर भांडून जमलं नव्हतं, ते शेठच्या साडीनं करून दाखवलं होतं. मला बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

नेसलेली साडी नवी म्हणून परत करणं तिला पटेना. तिनं शेठला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, ‘राखी लो ने, माशी.’ साडी तिची झाली.

पुढच्याच आठवड्यात ती साडी नेसून भाजी आणायला गेली आणि धो धो पावसात भिजून परतली. रेनकोट दारामागे तसाच टांगलेला.

‘अगं, नवी साडी!’

‘आते मनीच शे ना,’ ती आरामात म्हणाली.

मी टॉवेल घेतला आणि तिचे केस खसाखसा पुसायला लागले. ‘साडी तुझी असेल,’ मी म्हटलं, ‘पण तू माझी आहेस. माझा माल भिजवायचा नाही.’

ती टॉवेलच्या आतून हसली. तेव्हापासून रेनकोट घालते. कुरकुरत, पण घालते.