कोऱ्या पानांची नक्कल

नक्कल करणे हे दुय्यम प्रतीचे काम आहे, असा समज विद्वज्जनांतही रूढ आहे. नवनिर्मितीला प्रतिभा लागते आणि अनुकृतीला केवळ हात, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्याने आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याचे लेखन अक्षरशः उतरवून काढले असेल, त्याला ठाऊक असते की या कामात पदोपदी मोह दबा धरून बसलेला असतो. मूळ लेखणी जिथे अडखळली तिथे आपण सावरून घ्यावे, जे निरर्थक दिसते ते गाळावे, जे राहून गेले ते आपल्या पदरचे घालावे. हा मोह परोपकाराचे वस्त्र पांघरून येतो, म्हणून तो मोह आहे हे लवकर ध्यानात येत नाही. यथातथ्यपणा हा गुण वरवर पाहता नजरेचा आणि बोटांचा वाटतो. त्याचे मूळ मात्र चारित्र्यात रुजलेले असते. हा गुण एका सामान्य स्त्रीच्या ठायी मूर्तिमंत वसत होता. तिच्या धाकट्या दिराने तो पंचवीस वर्षे जवळून पाहिला, आणि त्यांतली बरीचशी वर्षे त्याची थट्टा करण्यात घालवली.

गल्ली त्यांना ‘तंतोतंतबाई’ म्हणे. दिराच्या त्या वहिनी. ऐन तारुण्यात त्यांना जुन्या दस्तऐवजांच्या अधिकृत नकला देणाऱ्या एका कार्यालयात काम लागले होते. तिथे टंकलेखन झाले की दोन माणसे समोरासमोर बसत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत प्रत्येक ओळीला “बरोबर” म्हणायचे. स्वल्पविरामसुद्धा वाचला जाई. एके दिवशी वहिनींनी एका नोंदवहीतले कोरे पान गाळून पुढचे पान टंकले. शेजारच्या वृद्ध कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला.

“बाई, चौदावं पान कुठाय?”

“कोरं होतं.”

“मग तसं लिहा. पान चौदा, कोरे. तुम्ही गाळलंत तर पन्नास वर्षांनी कोणी म्हणेल, इथे काहीतरी होतं आणि ते दडवलं. कोरं असणं हीदेखील हकिकतच आहे.”

ते वाक्य वहिनींनी जन्माची शिदोरी म्हणून गाठीला बांधले. पुढे टंकयंत्रे मोडीत निघाली, कार्यालय बंद झाले, दिराचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, तोही अकाली गेला. पन्नाशीला टेकलेल्या वहिनी संगणक शिकल्या आणि दिराच्या फोनदुरुस्तीच्या दुकानात, मधोमध एक फळी टाकून, पलीकडच्या अर्ध्या भागात बसू लागल्या. जुन्या संगणकातली हार्ड डिस्क काढून तिच्यातले सारे मोठ्या, नव्या डिस्कवर उतरवून देणे हे त्यांचे काम. शब्द नवा होता, काम तेच होते.

ते काम त्या ज्या रीतीने करत, ती रीत दिराला हसू आणी. इतर दुकानांत डिस्कवर जेवढे भरलेले असेल तेवढेच उचलत. वहिनी पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकाम्या जागेसकट, सगळे उतरवत.

“वहिनी, रिकाम्या जागेला तीन तास? गिऱ्हाईक काय पिशवीत हवा भरून नेणार आहे?”

“भाऊजी, तुम्ही फोनच्या काचेवर दिसू नये असा कागद चिकटवता, तेव्हा मी काही बोलते का?”

चूक त्यांच्या हातून एकदाच झाली. सुरुवातीच्या वर्षात एका शिंप्याची डिस्क आली होती. तिच्यात वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापे होती. दोन्ही डिस्का दिसायला जुळ्या बहिणी. वहिनींनी दिशा उलटी दिली आणि कोऱ्या डिस्कची अगदी तंतोतंत नक्कल भरलेल्या डिस्कवर केली. शिंप्याने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, “असू द्या बाई. बहुतेकांची पोटं सुटलीच होती, मापं नव्यानं घ्यावी लागणारच होती.” जाताना त्याने खिशातले लाल दोऱ्याचे रीळ फळीवर ठेवले. “पुढच्या खेपेला जुनीला हे बांधा.” त्या दिवसापासून जुन्या डिस्कला लाल दोरा बांधल्यावाचून वहिनींनी कशालाही हात लावला नाही. जुनीवर चुकूनही काही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये बसवायची एक डबी त्यांनी आणलीच होती, तरी दोरा हवाच.

अशी काही वर्षे गेल्यावर एका सकाळी गल्लीतली म्हातारी सुईण दोन्ही हातांनी संगणकाची पेटी पोटाशी धरून दुकानाची पायरी चढली.

“बाई, याला धाप लागलीय. चालू केला की आतून टक् टक् वाजतं. माझ्या गुडघ्यांसारखं.”

“किती वर्षांचा?”

“अठरा. गुडघे त्याहून जुने.”

पेटीत तिचे सारे आयुष्य होते. हातावर आलेल्या प्रत्येक बाळाची वेळ, वजन, पहिला टाहो असे सगळे तिने लिहून ठेवले होते, आणि प्रत्येक बाळाची फाईल निराळी. वहिनींनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “एका खाटेवर दोन बाळंतिणी मी कधी निजवल्या नाहीत. मग एका कागदावर दोन बाळं कशाला?” अशा एकोणीसशेंवर फायली होत्या.

मग तिचा आवाज खाली आला. “आणखी एक होती. ती मी पुसली. संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली, टोपलीही रिकामी केली. ती मिळाली तर पाहा.” बोलता बोलता तिने फळीपलीकडे पाहिले. दिराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थांबला.

ती नोंद त्याच्या पहिल्या मुलीची होती. नऊ वर्षांपूर्वी ती जन्मली आणि अकरा मिनिटे जगली. तिसऱ्या दिवशी तो स्वतः सुईणीकडे गेला होता. ‘ते पुसून टाका. माझ्या बायकोने कधी येऊन वाचलं तर पुन्हा तेच भोगेल,’ असे त्याने विनवले होते. सुईणीने त्याच्यादेखत फाईल पुसली. नंतर मुलगा झाला, मोठा झाला, शाळेत जाऊ लागला. त्या मुलीविषयी घरात कोणी बोलत नसे. आणि आता, गेल्या आठवड्यात, त्याची बायको आपण होऊन सुईणीच्या दारात उभी राहिली होती. “मला तिची वेळ हवी,” एवढेच तिने म्हटले होते.

“नोंद नाही, असं मी तिला सांगितलं,” सुईण दिराला म्हणाली. “कोणी पुसायला लावली ते नाही बोलले. ते तुझं तू बोल.”

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडली, डिस्क बाहेर काढली आणि तिला लाल दोरा बांधला. या मौनाने दिराला जितके टोचले तितके शब्दांनी टोचले नसते. त्या दुपारी तो जेवायला घरी गेला आणि ताटावर बसण्यापूर्वीच बायकोला सारे सांगून मोकळा झाला.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली. “सुईणबाई खोटं बोलताना चष्मा पुसतात. पण तुम्ही सांगाल का, ते ठाऊक नव्हतं.” मग आपल्या जावेविषयी विचारले, “ताई शोधतील?”

परत येऊन तो फळीला टेकून उभा राहिला. “वहिनी, ही डिस्क मरायला टेकलीय. भरलेलं म्हणाल तर फक्त नऊ जीबी आहे, लवकर निघेल. सगळी ऐंशी वाचायला बसलात तर मध्येच मान टाकेल. मग एकोणीसशे पोरं गेली.”

“आणि तुमची?”

“माझी नऊ वर्षांपूर्वीच गेली. पुसलेलं कुठे असतं वहिनी?”

“भाऊजी, खोलीवरची पाटी काढली म्हणून भाडेकरू लगेच रस्त्यावर येत नाही. दुसरा कोणी राहायला येईपर्यंत तो आतच असतो. पुसणं म्हणजे पाटी काढणं. आत दुसरं कोणी आलं की नाही, ते दार उघडल्याशिवाय कसं कळणार?” मग लाल दोऱ्याची गाठ घट्ट करत त्या म्हणाल्या, “पण निम्मं तुमचं खरं आहे. आधी भरलेली पानं उतरवू, मग कोरी.”

आपले निम्मे खरे आहे, हे वहिनींच्या तोंडून त्याने प्रथमच ऐकले.

भरलेला भाग त्याच संध्याकाळी पाचशे जीबीच्या नव्या डिस्कवर सुखरूप उतरला. एकोणीसशे बाळे पलीकडच्या तीरावर पोचली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या जागेचे काम सुरू झाले आणि डिस्कने खरा हट्ट धरला. ती दहा मिनिटे वाचू देई, मग टक् टक् करून अडून बसे. वहिनी तिला बंद करून पंख्यापुढे ठेवत, अर्ध्या तासाने पुन्हा जोडत. कुठवर आलो याची नोंद संगणक ठेवत होताच, तरी त्या कागदावरही लिहीत. एरवी अशा वेळी थट्टा करणारा दीर आता मदतीला होता. पंखा कधी वळवायचा एवढेच तो बघे. तीन दिवस हे चालले. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा कण आला. काही तुकडे कोणत्याही उपायाने वाचता आले नाहीत. वहिनींनी त्यांची यादी केली आणि त्यांच्या जागा जशाच्या तशा मोकळ्या ठेवल्या.

सुईण आली. नवी डिस्क जोडून पाहिली तर संगणक ऐंशी जीबीच दाखवत होता. “मोठी घेतली ना बाई? बाकीची जागा कुठे गेली?”

“आहे. नक्कल जुनीएवढीच, म्हणून ऐंशीच दिसते; बाकीची जागा अजून कोणाची झाली नाही. मागाहून जोडून देईन. आधी शोध घेऊ.”

शोधाला धागा सुईणीच्याच सवयीने पुरवला. तिची प्रत्येक नोंद ‘जीव आला’ या दोन शब्दांनी सुरू होई. वहिनींनी नकलेच्या सबंध विस्तारात ते शब्द धुंडाळले. फायलींत नसलेल्या, पाटी निघालेल्या खोल्यांत ते सात ठिकाणी सापडले.

“सातच होते,” सुईण म्हणाली आणि तिथल्या स्टुलावर बसली. “जे घरी गेले नाहीत ते सात. एकच मागितली, पण पुसल्या मी सातही होत्या.”

तारखेवरून चौथी नोंद दिराच्या मुलीची होती. वहिनींनी ती कागदावर छापली. बायकोला बोलावणे गेले. ती येऊन दाराशी उभी राहिली. पण वहिनींनी कागद लगेच तिच्या हाती दिला नाही. कागद त्यांनी दिराच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः पडद्यासमोर बसल्या.

“मी वाचते. तुम्ही बोट फिरवा.”

“वहिनी, आत्ता याची काय...”

“पडताळल्याशिवाय मी नक्कल देत नाही, भाऊजी.” आणि कार्यालयातल्या त्या जुन्या, सपाट स्वरात त्या वाचू लागल्या. “जीव आला. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे.”

“बरोबर.”

“मुलगी. वजन एक किलो सहाशे.”

“बरोबर.”

“रडली. एकदाच, पण स्पष्ट.”

दिराचे बोट ओळीवर थांबले. ती रडली होती, हे त्याला कधीच कळले नव्हते. “बरोबर,” तो म्हणाला.

“आईचे बोट डाव्या मुठीत धरले. अकरा मिनिटे.”

दाराकडून आवाज आला, “बरोबर.” तो बायकोचा होता.

“बापाने,” वहिनींनी वाचले आणि त्या थांबल्या. त्यापुढे अर्थहीन चिन्हांची रांग होती. त्या खोलीच्या कोपऱ्यात दुसरे कोणीतरी राहायला आले होते.

सुईण पुढे झाली. “बापाने उचलून घेतले, असंच मी लिहिलं असणार. घाला ते. त्यात काय एवढं?”

ते शब्द कागदावर यावेत असे दिराला किती वाटले, हे त्याने पुढे फक्त एकदाच सांगितले. त्याने मुलीला उचलले नव्हते. तो दाराबाहेर उभा होता आणि आत यायचे त्याचे धाडस झाले नव्हते.

“असेल,” वहिनी म्हणाल्या. “पण दिसत नाही.” त्यांनी कागद मागून घेतला आणि खाली पेनाने लिहिले: येथून पुढे वाचता येत नाही. मग तेही वाचून दाखवले आणि दिराच्या उत्तरासाठी थांबल्या.

“बरोबर,” तो म्हणाला.

बायकोने कागद घेतला, चारदा वाचला, घडी न घालता छातीशी धरला. “वेळ मिळाली,” ती म्हणाली. जाताना तिने दिराच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, खांद्यावर हात ठेवला. “चला. दुकान ताई बघतील.” उरलेल्या सहा नोंदींचे काय करावे, असे सुईणीने विचारले तेव्हा वहिनींनी त्या वेगळ्या काढून तिच्या हाती दिल्या. “उतरवणं माझं काम. कोणाला सांगायचं ते तुमचं.” सुईणीने त्या वर्षात सहा दारे ठोठावली, असे म्हणतात.

त्यानंतर वहिनी सात वर्षे त्याच खुर्चीत बसल्या. दिराने रिकाम्या जागेवरून त्यांना पुन्हा छेडले नाही, फार तर म्हणे, “वहिनी, आज कोणाची हवा भरताय?” आणि त्या म्हणत, “तुमच्या डोक्यातली नव्हे, ती मावणार नाही.” त्या गेल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा संगणक जुना झाला होता आणि त्यातली डिस्कही टक् टक् करू लागली होती. दिराने रिळातला दोरा तोडून तिला बांधला आणि तिच्यातले सगळे मोठ्या डिस्कवर उतरवले. त्याला दोन दिवस लागले. त्याची बायको शेजारी बसून “बरोबर” म्हणत होती.

त्या दुकानात आता वहिनींची एक जुनी आणि एक नवी डिस्क आहे, लाल दोऱ्याचे अर्धे रीळ आहे, आणि दिराच्या घरी कपाटात साडेचार ओळींचा एक कागद आहे. नव्या डिस्कवर कोऱ्या जागेसह सर्व काही तंतोतंत उतरले आहे.